गाणे शिकायला लंडनला

कर्जाच्या अर्जात एक रकाना असतो. अर्जदाराचे नाव, वडिलांचे उत्पन्न, तारण काय ठेवणार, जामीन कोण राहणार, हे सगळे विचारून झाले की अगदी शेवटी तो येतो : 'शिक्षण पूर्ण झाल्यावर अपेक्षित व्यवसाय.' इंजिनिअर होऊ घातलेल्या मुलाला हा रकाना भरायला अर्धे मिनिटही लागत नाही. आमच्या दादाची मात्र त्याने तीन आठवडे झोप उडवली.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. रविवारची सकाळ होती, चहा व्हायचा होता, आणि दादा एक जाडजूड फाइल काखेत मारून आमच्याकडे आला. दादाचा सारा जन्म दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेला आहे. त्यामुळे त्याच्या हातात फाइल दिसली की समोरच्या माणसाला आपण काहीतरी अफरातफर केली असावी असे उगाचच वाटू लागते. त्याने फाइल टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "तू कॉलेजात शिकवतेस. तुला यातलं कळत असेल. वाच, आणि मला एवढंच सांग, हे शहाणपणाचं आहे की वेडेपणाचं?"

फाइलीत त्याच्या मुलीला लंडनहून आलेले प्रवेशपत्र होते. पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, विषय गायन. आपले गायन नव्हे, त्यांचे. ऑपेराचे.

मी मराठी शिकवते. ऑपेराविषयी तोवर मला ठाऊक होते ते इतकेच की, त्यातली नायिका मरण्यापूर्वी बराच वेळ गाते. पण ज्या बहिणीच्या घरात पुस्तके जास्त तिला सगळेच कळते, अशी दादाची जुनी समजूत आहे आणि ती मोडण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही. तेव्हा मी तीन आठवड्यांची मुदत मागून घेतली आणि त्या विषयाचा पिच्छा पुरवला. त्यातून जे हाती लागले ते या सदराच्या वाचकांपुढे ठेवावे म्हणते. कारण आज दादाच्या घरात उभा राहिलेला प्रश्न उद्या तुमच्याही दारात, बरोबर चहाच्या वेळी, येऊन उभा राहायचा!

आधी मुलीविषयी. लहानपणी वहिनींनी तिला चारचौघींच्या मुलींप्रमाणे गाण्याच्या क्लासला घातले होते. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या पहिल्या दोन परीक्षाही तिने दिल्या. पुढे शाळेच्या समूहगानात तिचा आवाज कॅम्पात राहणाऱ्या एका गोवेकर सरांच्या कानी पडला आणि गाडीने रूळ बदलला. सर मूळचे सासष्टीचे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून पोर्तुगीज अमदानीपासून मुलांना सुरांची लिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवीत. त्या शाळांतून निघालेली माणसे मुंबईला आली आणि आपल्या हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद त्यांनी उभे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच. प्यारेलाल त्यांच्यापाशी व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या गाण्यातून त्या गुरूचे नाव घरोघरी पोहोचले. "हे परक्यांचं गाणं आपल्या घरात शिरलं कुठून?" असे वहिनी विचारीत, तेव्हा मी त्यांना सांगत असे, "वहिनी, ते कधीच शिरलंय. तुम्ही स्वयंपाक करताना रेडिओवर ते ऐकत होता, फक्त त्याचं गाव विचारलं नव्हतं!"

अठराव्या वर्षी मुलीने लंडनचा हट्ट धरला होता. तेव्हा तिला थांबवले ते सरांनीच. "व्हायोलिन असतं तर मी स्वतः सांगितलं असतं, आजच पाठवा," ते म्हणाले. "बोटं लहानपणीच वळतात. गळ्याचं तसं नाही. गळा उशिरा पिकतो. आधी इथली पदवी घे, एकदोन भाषा शीक, मग जा." हे पुढे माझ्या वाचनातही आले. ऑपेराला लागणारा आवाज विशी उलटल्यावर कुठे स्थिरावू लागतो, आणि मोठ्या भूमिका तर त्यानंतरही बऱ्याच वर्षांनी झेपतात. शिवाय तिथली पहिली पदवी बहुधा चार वर्षांची, वरची दोन वर्षांची. सरांच्या त्या एका सल्ल्याने चारातली दोन वर्षांची फी वाचली, हे दादाच्या हिशेबी डोक्याने तेव्हाच टिपून ठेवले होते.

आता संस्थेकडे वळू. पत्रात तिला 'कॉन्झर्व्हेट्वार' असे म्हटले होते. मराठीच्या मास्तरणीला अनोळखी शब्द भेटला की त्याचे कूळगोत्र विचारल्याशिवाय चैन पडत नाही. हा शब्द इटलीतून फ्रान्समार्गे इंग्लंडात आलेला. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ, जतन करण्याची जागा. मला वाटले, जतन करायचे ते संगीत असणार. तसे नव्हते. सोळाव्या शतकात नेपल्स शहरात अनाथ आणि गरीब मुलांसाठी काही आश्रम निघाले. जतन करायची ती ही मुले. त्यांना जेवू-खाऊ घालायचे, कपडा द्यायचा, आणि उद्या पोट भरता यावे म्हणून काहीतरी हुन्नर शिकवायचा. चर्चमध्ये गाणाऱ्या मुलांना मागणी फार, म्हणून हुन्नर ठरला गाण्याचा. होता होता या आश्रमांतली मुले इतकी उत्तम गाऊ लागली की सबंध युरोपात नेपल्सच्या गाण्याचे नाव झाले. व्हेनिसला मुलींचे असेच आश्रम होते. तिथल्या एका आश्रमात १७०३ पासून व्हिवाल्दी नावाचे एक तरुण धर्मगुरू व्हायोलिन शिकवीत होते. आज जगभर वाजणाऱ्या त्यांच्या कितीतरी रचना त्या अनाथ मुलींसाठी लिहिलेल्या आहेत.

पुढे १७९५ साली, राज्यक्रांतीच्या धामधुमीतच, पॅरिसमध्ये सरकारी संगीतशाळा निघाली आणि तिने हे आश्रमाचे नाव घेतले. लंडनची रॉयल अकॅडमी १८२२ ची, गिल्डहॉल १८८० ची, रॉयल कॉलेज १८८३ चे. शिवाय मँचेस्टर, बर्मिंगहॅम, लीड्स, कार्डिफ आणि ग्लासगो इथेही अशा संस्था आहेत, आणि तिथे राहण्याचा खर्च लंडनहून बराच कमी येतो. लंडन म्हणजेच इंग्लंड असे आपण समजतो. पालकांनी निदान नकाशा तरी पुरा उघडावा.

रॉयल कॉलेजची हकीकत मला फार आवडली. त्याचे पहिले संचालक सर जॉर्ज ग्रोव्ह. संगीताचा मोठा कोश त्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. पण हे गृहस्थ मुळात होते इंजिनिअर! जमेका आणि बर्म्युडा बेटांवर त्यांनी दीपगृहे बांधली होती. 'आधी इंजिनिअर हो, मग काय ते गाणंबिणं कर' हा आपल्या घराघरातला उपदेश इतका तंतोतंत पाळणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. कॉलेज उघडले तेव्हा परीक्षा घेऊन निवडलेल्या पन्नास मुलामुलींना शिष्यवृत्तीवर घेतले होते. त्यांत कापडाच्या गिरणीत काम करणारी एक मुलगी होती, वीटकाम करणाऱ्याच्या मुली होत्या, लोहाराचा मुलगा होता आणि व्हायोलिन वाजवणारा एका शेतमजुराचा मुलगा होता. उद्घाटनाच्या भाषणात खुद्द युवराजांनी त्यांचा अभिमानाने उल्लेख केला.

हे वाचताना मला आपल्या नाटक मंडळ्या आठवल्या. घरची गरिबी, गळा गोड, म्हणून मुलाला मंडळीत ठेवायचे. तिथेच जेवायचे, तिथेच निजायचे, पहाटे उठून तालीम करायची. कंपनीचे बिऱ्हाड हेच आपले नेपल्स. भास्करबुवा बखले असेच लहानपणी किर्लोस्कर मंडळीत आले. वयात येताना आवाज फुटला आणि नाटकातले गाणे संपले. दुसरा कोणी असता तर पडदे ओढीत राहिला असता. बुवा बडोद्याला फैज महंमद खाँसाहेबांकडे गेले, पुढे नत्थन खाँ, अल्लादिया खाँ यांच्याकडे शिकले. या बुवांकडे मला पुन्हा यायचे आहे; तूर्त त्यांना इथेच बसवून ठेवते.

प्रवेशाची तिथली रीत आपल्या माणसाला चक्रावून टाकते. बहुतेक संस्थांसाठी एका मध्यवर्ती कचेरीमार्फत अर्ज करायचा असतो. गिल्डहॉलसारखी एखादी संस्था तो स्वतःकडे घेते. संगीताच्या अर्जाची मुदत ऑक्टोबरच्या आरंभीच संपते, आणि प्रवेश मिळतो तो पुढच्या सप्टेंबरात. म्हणजे हा दिवाळी अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पुढच्या वर्षीची मुदत उलटूनही गेली असेल. नाटक आणि नृत्य यांच्या अर्जांना त्यानंतरही अवधी असतो. अर्जापाठोपाठ परीक्षा. तिला जाऊन प्रत्यक्ष गावे लागते, किंवा बऱ्याच ठिकाणी गाणे चित्रित करून पाठवले तरी चालते. आमच्या मुलीने सरांच्या दिवाणखान्यात, खालच्या रस्त्यावरची वाहतूक थांबायची वाट बघत, रात्री साडेअकराला आपले गाणे चित्रित केले.

आणि गुण? दादाने बारावीपासूनची सगळी प्रमाणपत्रे प्लास्टिकच्या पाकिटांत घालून ठेवली होती. त्यांकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही! रॉयल कॉलेजच्या पहिल्या पदवीला तिथल्या शालान्त वर्गाच्या दोन विषयांत नुसते पास असले तरी भागते. सगळा निकाल त्या काही मिनिटांच्या गाण्यावर. परीक्षक एखादी ओळ पुन्हा म्हणायला सांगतात, जरा निराळी करून बघ म्हणतात. मुलगी आज कशी गाते हे तर ते ऐकतातच. शिकवले तर उद्या कशी गाईल, याचाही अंदाज घेतात. टक्क्यांवर वाढलेल्या आपल्या मुलांना हे सोपे वाटण्याचा संभव आहे. मला ते फार कठीण वाटते. टक्के पाठ करून मिळवता येतात. 'शिकवण्याजोगे असणे' कुठल्या क्लासात मिळते?

तिथे शिकवतात काय? मूळ गोष्ट आपल्या ओळखीचीच आहे. एक गुरू, एक शिष्य, बंद खोली आणि आठवड्याला एक-दीड तास. बाकी सगळे त्या तासाभोवती रचलेले. पियानोवर साथ करून गाणे बसवून घेणारे वेगळे, रंगमंचावर चालणे-उभे राहणे शिकवणारे वेगळे. ऑपेराच्या गायकाला ध्वनिक्षेपक नसतो. समोर सबंध वाद्यवृंद वाजत असतो आणि त्यावरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. तो जातो कसा? सरावलेल्या आवाजात सेकंदाला तीन हजार कंपनांच्या आसपास एक विशेष जोर असतो, आणि नेमका तिथेच वाद्यवृंदाचा आवाज विरळ असतो, असे जोहान सुंडबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने दाखवून दिले. म्हणजे आवाज ओरडून पोहोचत नाही, फटीतून पोहोचतो. ध्वनिक्षेपकापूर्वी आपले गायक-नट पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत पद पोहोचवीत, त्यांच्यापाशीही गळ्याची अशीच काही तोड असली पाहिजे.

भाषेचा भाग मला विशेष भावला. गायकाला इटालियन, जर्मन आणि फ्रेंच या भाषांचे उच्चार पक्के करावे लागतात. आणि इथे, वाचकहो, मराठी कामाला येते! इंग्रज मुलांना इटालियन 'त' आणि 'द' म्हणताना जीभ दातांना टेकवायची सवय लावावी लागते. आपल्याला ती जन्मतः आहे. इटालियनमधले जोड व्यंजन थांबून म्हणायचे असते. 'पक्का', 'सत्ता', 'हट्ट' म्हणणाऱ्याला त्यात नवे काय? जर्मनमधला एक वर्ण तर थेट आपल्या 'चमचा'तला दंत्य 'च' आहे. मुलीने हे फोनवर सांगितले तेव्हा माझी मान अशी ताठ झाली की जणू मीच लंडनला जाऊन गायले.

आणखी एक विषय असतो, त्याचे नाव अलेक्झांडर तंत्र. फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर हा टास्मानियात जन्मलेला एक वाचिक कलावंत. रंगमंचावर बोलताना त्याचा आवाज बसू लागला. वैद्यांच्या औषधाने काही होईना, तेव्हा तो आरशासमोर उभा राहून स्वतःलाच न्याहाळू लागला. बोलायला सुरुवात करताना आपण मान मागे खेचतो, हे त्याला दिसले. ती सवय सोडवताना त्याने जे शोधले ते आज संगीताच्या शाळांतून शिकवतात. हा अलेक्झांडर जन्मला १८६९ मध्ये; आपले भास्करबुवाही १८६९ चेच. एकाचा आवाज बसला, एकाचा फुटला. दोघांनीही तक्रार करीत न बसता तो पुन्हा कसा उभा करायचा ते शोधले, आणि पुढे जन्मभर दुसऱ्यांना शिकवले.

आता फाइलीतल्या जड पानांकडे. परदेशी विद्यार्थ्याला वर्षाची फी पंचवीस ते तीस हजार पौंड, काही ठिकाणी त्याहून अधिक. रुपयांत सांगायचे तर वर्षाला तीस-पस्तीस लाखांची गोष्ट. लंडनमध्ये राहण्यासाठी महिना दीड हजार पौंडांच्या हिशेबाने नऊ महिन्यांची रक्कम आपल्यापाशी आहे, हे परवान्यासाठी आधीच दाखवावे लागते. आरोग्यसेवेचे वर्षाला ७७६ पौंड निराळे. गाणे ऐकून संस्था शिष्यवृत्ती देतात, पण बहुधा ती फीच्या काही हिश्शाची असते. आमच्या मुलीला साधारण तिसरा हिस्सा मिळाला.

"आणि तिकडे गाऊन चार पैसे मिळवेलच की," असे मी दादाला म्हणाले. दादाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि नियमांचे पान उघडले. विद्यार्थ्याच्या परवान्यावर शिकण्याच्या दिवसांत आठवड्याला वीस तास काम करता येते. दुकानात करा, उपाहारगृहात करा. पण पेशेवर कलावंत म्हणून काम करायचे नाही आणि स्वतंत्र धंदा म्हणून शिकवण्याही घ्यायच्या नाहीत! अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून संस्थेने ठरवलेले काम असेल ते वेगळे. गाणे शिकायला आलेल्या मुलीने कपबशा विसळाव्यात, पण गाऊन पैसे घेऊ नयेत. कायद्याला विनोदबुद्धी नसते म्हणतात, ते मला तितकेसे पटत नाही.

पदवीनंतरचे चित्रही गुलाबी नाही. पगारावर गाण्याच्या जागा मोजक्या, आणि त्यांवर डोळा ठेवून बसलेले जगभरातले. २०२२ च्या नोव्हेंबरात तर 'इंग्लिश नॅशनल ऑपेरा'सारख्या नामांकित संस्थेचेच नियमित अनुदान काढून घेतल्याची घोषणा झाली होती. जिथे संस्थाच चिंतेत, तिथे नवशिक्या मुलीने कशाच्या भरवशावर जायचे?

वहिनींनी प्रश्न थोडक्यात मांडला. "घर गहाण ठेवून गाणं शिकवायचं का?"

त्या दिवशी आम्ही सगळे दादाच्या घरी बसलो होतो. मुलगी समोर होती. दादाने अर्ज पुढे ओढला, तो शेवटचा रकाना बोटाने दाखवला आणि विचारले, "इथं काय लिहू? ऑपेरा गायिका?"

"नको," ती म्हणाली. "मोठी गायिका होणं माझ्या एकटीच्या हातात नाही बाबा. मी प्रयत्न करीन. पण परत येऊन शिकवीन, हे मात्र माझ्या हातात आहे. सर सत्तरीला आले. त्यांच्याकडे शनिवारी अकरा मुलं येतात. सरांनंतर त्यांनी कुणाकडे जायचं?"

दादाचा चेहरा उतरला. "एवढे लाख घालून," तो म्हणाला, "शेवटी मास्तरकीच?"

म्हणाला आणि त्याच क्षणी त्याला आठवले की शेजारी मी बसले आहे. वहिनी घाईघाईने पोहे आणायला आत गेल्या. मी वीस वर्षे मास्तरकी करते आहे. दादाला लागावे म्हणून काही बोलले नाही. खरे सांगायचे तर मला फारसा रागही आला नाही. त्याने फक्त मोठ्याने म्हटले, एरवी मनातल्या मनात आपण सगळेच म्हणतो. मुलाने परदेशी जाऊन 'काहीतरी' व्हावे असे आपल्याला वाटते, आणि त्या 'काहीतरी'त शिक्षक बसत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दादाला पर्वतीवर फिरायला नेले आणि पायऱ्या चढता चढता तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली गोष्ट या पुण्यातच जन्मलेल्या मुलाची. अरब व्यापाऱ्याचा मुलगा, नाव इब्राहिम अल्काझी. १९४०च्या दशकाच्या अखेरीस तो लंडनला नाट्यशिक्षणाच्या 'राडा' या संस्थेत शिकला. १९०४ साली निघालेली ही संस्था. बर्नार्ड शॉ यांनी आपल्या मृत्युपत्रात नाटकांच्या उत्पन्नातला एक तृतीयांश वाटा तिला ठेवला. त्यांच्या ज्या 'पिग्मॅलियन'वरून पु. ल. देशपांड्यांनी 'ती फुलराणी' लिहिले, त्या नाटकाच्या पैशावर कितीतरी मुलांनी तिथे अभिनयाचे धडे घेतले असतील. अल्काझी तिथेच राहिले असते तर एक चांगले नट किंवा दिग्दर्शक झाले असते. ते मुंबईला परतले. घराच्या गच्चीवर त्यांनी रंगमंच केला आणि शिकवू लागले. त्यांच्याकडे शिकलेल्या विजया मेहतांनी १९६० मध्ये 'रंगायन' उभे केले. मराठी नाटकाला त्याने काय दिले हे मी दादाला सांगायची गरज नव्हती. तरुणपणी रांग लावून तिकिटे काढणाऱ्यांतला तो. अल्काझी १९६२ ते १९७७ पर्यंत दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. नसीरुद्दीन शाह, ओम पुरी आणि आपल्या रोहिणी हट्टंगडी ही त्यांची मुले. एका माणसाच्या लंडनच्या फीवर किती जण शिकले, हा हिशेब कोणी मांडला आहे का?

दुसरी गोष्ट मुंबईत जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ यांची. त्या गिल्डहॉलमध्ये शिकल्या, युरोपातल्या मोठ्या मंचांवर गायल्या. जॉन टॅव्हनर या इंग्रज रचनाकाराने त्यांच्या आवाजासाठी मुद्दाम रचना केल्या. एवढे झाल्यावर माणसाने कीर्तीच्या सावलीत बसावे की नाही? त्या रॉयल कॉलेजमध्ये शिकवू लागल्या, आणि २००९ साली भारतात येऊन इथल्या मुलामुलींना गळा तयार करायला शिकवण्याचा उपक्रम त्यांनी पतीसह सुरू केला. कारण आपण निघालो तेव्हा इथे कोणी शिकवणारे नव्हते म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होते.

आणि तिसरी गोष्ट, मघापासून ताटकळत बसलेल्या भास्करबुवांची. मैफली गाजवीत असतानाच त्यांनी १९११ मध्ये पुण्यात भारत गायन समाज काढला. बालगंधर्व त्यांचे शिष्य, मास्तर कृष्णराव त्यांचे शिष्य. १९१६ च्या 'स्वयंवर'च्या चाली त्यांच्या. १९२२ साली बुवा गेले. त्यांचे स्वतःचे गाणे आज आपल्याला ऐकायला मिळत नाही. ऐकायला मिळते ते शिष्यांच्या गळ्यातले. "दादा," मी म्हणाले, "बुवांच्या अर्जातला तो रकाना तू असतास तर काय भरला असतास?"

दादा काही बोलला नाही. वर पोहोचल्यावर बराच वेळ शहराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "गुडघे दुखायला लागले. उतरू या."

नेपल्सच्या त्या आश्रमांचे नाव आजच्या संस्थांनी उचलले, पण आश्रम मात्र राहिला नाही, हे मला मान्य आहे. लोहाराच्या मुलाला आज समुद्रापलीकडून तिथे जायचे तर शिष्यवृत्तीखेरीज वाट नाही. ज्यांना जमणार नाही त्यांनी कमीपणा मानू नये. आणि ज्यांना जमेल त्यांनी केवळ संस्थेच्या नावावर भुलून घर गहाण टाकू नये. संस्थेचे नाव विचारण्याआधी गुरूचे नाव विचारा. आपल्या मुलीला शिकवणार कोण, त्यांचे शिष्य कसे गातात, हे आज घरबसल्या ऐकता येते. गळ्याचा विषय असेल तर घाई करू नका. बोटांचा असेल तर उशीर करू नका. शिष्यवृत्ती मागायला लाजू नका. आणि मुलाला 'तू कोण होशील?' हे विचाराल तेव्हा, 'आणि ते पुढे कोणाला देशील?' हेही विचारा. त्या उत्तरावरून त्याचे त्या कलेवर किती प्रेम आहे ते बरेचसे कळते.

चार दिवसांनी दादाने अर्ज मला तपासायला दिला. शुद्धलेखन बघ म्हणाला. शेवटच्या रकान्यात त्याच्या टपोऱ्या अक्षरात लिहिले होते : 'गायन शिक्षिका'. 'शि' ऱ्हस्व की दीर्घ याची खात्री नसावी, कारण तिथे खाडाखोड होती. बाकी कुठे नव्हती.

सप्टेंबरात मुलगी गेली. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. सरावाची खोली मिळवायला सकाळी लवकर नंबर लावावा लागतो. थंडी सुरू झाली आहे. वहिनींनी दिलेली भाजणी पोहोचली, पण भाड्याच्या खोलीत तळणीचा वास चालत नाही म्हणून चकल्या राहिल्या आहेत. मग म्हणाली, "आत्या, माझ्या वर्गातल्या एका मुलीला इटालियन 'त' जमत नव्हता. मी तिला पंधरा मिनिटं 'तबला, तांदूळ, ताक' म्हणायला लावलं. जमला!"

दादा शेजारीच बसला होता. त्याने फोन आपल्याकडे ओढून घेतला. "फी काय घेतलीस?" त्याने विचारले.

"एक कप कॉफी."

दादा क्षणभर विचारात पडला. "बघ हो," तो काळजीने म्हणाला, "परवान्यात बसतं ना ते?"